वीतभर माती

बोलण्याआधी तो माझ्या दुकानाच्या दारातल्या कडुनिंबाला हात लावायचा आणि बाटलीतलं उरलेलं पाणी बुडाशी ओतायचा. काँक्रीटच्या रस्त्याचं काम बघणारा तो इंजिनिअर. त्या रस्त्यात माझ्या त्या शहापुरातल्या दुकानाची पायरी गेली, तो राग मी त्याच्यावर काढला.

"आण्णा, झाडाभवती चार फूट माती मोकळी सोडतो. मुळाला पाणी लागतंय न्हवं?"

"आन् गिऱ्हाइकानं गाडी तुझ्या डोक्यावर लावायची व्हय?"

चार माणसांत ओरडून, घासाघीस करून मी त्याला एका वितीवर आणलं.

दोन उन्हाळ्यांत झाड वाळलं. परवा तो आला, खोडाला हात लावून उभा राहिला. तो शिव्या देईल म्हणून मी थांबलो होतो. त्यानं बाटली उघडली आणि त्या वीतभर मातीत सगळं पाणी ओतलं.