वीस मिनिटं बाकी होती

मैत्रिणींनो, पांढुर्ण्याहून आत्ताच सौसरले परतली. महिलांची सांघिक बुद्धिबळ स्पर्धा होती.

समोरच्या टीमच्या ताईले एका चालीत मात देता येत होती. तरी ती नुसती बसून होती. घड्याळात तिची वीस मिनिटं बाकी होती. मले खिजवून राहिली वाटतं, म्हणून मी चिडून डाव सोडला अन् हात पुढं केला.

तिनं माहा हात धरूनच ठेवला. हळूच म्हणाली, "काऊन सोडला वं? अजून वीस मिनिटं होते माह्याजवळ."

तिचा नवरा सकाळपासून हॉलच्या दारात उभा होता. त्यानं गाडीची चाबी काढली. "झालं ना तुयं? चाल आता घरी."

तिच्या कॅप्टनकडून तिचा नंबर घेतला. तवापासून फोन लावून राहिली, बंदच आहे. तिचं घर कोणाले माहीत आहे काय?