सुनेशी बोलण्यापुरतं जर्मन

मुलानं जर्मनीत तिकडच्याच मुलीशी लग्न केलं, याचा मला राग आला नव्हता. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस डोळ्याला पदर लावला, मग झालं. राग आला तो त्याच्या एका बोलण्याचा. दोघं महिनाभर घरी येणार असं त्यानं कळवलं, आणि वर म्हणाला, की आये, तू बोलायची काळजी करू नको, मी असेन ना मध्ये.

मध्ये कशाला? मी खालापूर तालुक्यात आरोग्य केंद्रावर नर्स होते. बाईचं दुखणं तिचा नवरा सांगायला लागला, की मी आधी त्याला खोलीबाहेर काढायची. आणि माझ्याच घरात, माझ्याच सुनेशी मी दुसऱ्याच्या तोंडानं बोलायचं? मग तो पोटचा मुलगा का असेना. ठरवलं, ते यायच्या आत जर्मन शिकायचं.

शिवाय नड होती. दोन वर्षांनी कायमचा परत येतो, मोहोपाड्याला एखाद्या कारखान्यात लागतो, हे मुलानंच सांगितलेलं. त्या भरवशावर आम्ही चौक गावातल्या आमच्या घराला लागून त्या दोघांसाठी खोली बांधायला काढली होती. हे स्वतः मोहोपाड्याला कारखान्यात. पहिली पाळी सुटली की घरी यायचे, चहा घ्यायचे आणि नव्या भिंतींवर पाणी मारत राहायचे. इतकं पाणी त्यांनी आयुष्यात कधी झाडाला घातलं नाही. मला म्हणायचे, "शिक तू. तिची खोली हाय, तिलाच इचारून करू."

शिकवायला भेटल्या त्या मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या एक इंजिनीयरबाई. म्हणजे इंजिनीयर त्यांचा नवरा, पण नवऱ्याबरोबर त्या जर्मनीत राहून आल्या होत्या. त्यांच्या बाळाला डोस मीच दिलेले, त्यामुळे नाही म्हणता येईना. रविवारी सकाळी या म्हणाल्या. आमच्या वस्तीत रविवारी विहारात वंदना असते, ती चुकायला लागली. एका काकूंनी सगळ्यांदेखत टोमणा मारलाच, की पाली अजून धड कळत नाही आणि ही निघाली जर्मनला. मी म्हटलं, तुम्हाला तरी कुठं कळते? त्यानंतर त्या महिनाभर बोलल्या नाहीत.

इंजिनीयरबाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या पुस्तकानं माझा जीव खाल्ला. पहिला धडा रेल्वे स्टेशनचा. दुसरा हॉटेलात खोली मागायचा. मी म्हटलं, अहो, मला कुठं जायचंय, येणार तर ती आहे. मला 'जेवलीस का' सांगा, 'कुठं दुखतंय' सांगा. तर म्हणाल्या, असं मधूनच नाही घेता येत, आधी पाया पक्का हवा. मग खुर्ची तो, दिवा ती, आणि मुलगी ते. सगळंच त्यांच्या मनाचं. पाठ करून घरी यावं, तर सोमवारी लसीकरण, मंगळवारी डोंगरातल्या वाड्या, मधेच ऑपरेशनचा कँप, त्यात कुणीतरी अडलेली बाई. पुढच्या रविवारी डोकं कोरी पाटी. शाळेतल्या पोरीला ओरडावं तसं बाई मला ओरडायच्या, आणि मला, माझ्या वयाला, रडू यायचं.

एसटीत उभ्यानं पुटपुटायची. 'वोनेन' म्हणजे राहणे, 'वोनेन' म्हणजे राहणे. एकदा शेजारच्या बाईनं आपली टोपली उचलून पुढं नेऊन ठेवली. तिला वाटलं असणार, हिच्या अंगात आलंय.

दोघं आली. सून उंच, हसरी, मांडी घालून बसायला बघायची आणि पाय आखडले की पुन्हा उठायची. मी दारातच तिला पाठ केलेलं विचारलं, कशी आहेस. तर तिला एवढा आनंद झाला की तिनं माझे दोन्ही हात धरले आणि धो धो सुरू झाली. एक शब्द, एकही शब्द मला कळला नाही. मी नुसती मान हलवतेय. मुलगा हसायला लागला. "राहू दे आये, मी सांगतो ना."

आणि मग सांगायला लागला. काय सांगावं त्याचं सांगणं! ती जेवताना घटकाभर बोलणार, हातवारे करणार, मध्येच गंभीर होणार, आणि हा सांगणार, "ती म्हणते, छान आहे." अरे, एवढ्या सगळ्याचं 'छान आहे'? मी विचारलेलंही असंच मध्ये कुठंतरी गळत असणार. आळीतल्या बायका यायच्या, त्या तिच्याशी मोठमोठ्यानं हिंदीत बोलायच्या, आणि मला वाटायचं, ह्या बऱ्या, निदान समोरासमोर तरी बोलतात.

तशात गवंडी अडून बसला. खिडकी इर्शाळच्या डोंगराकडं ठेवायची का रस्त्याकडं, ते सांगा, नाहीतर मी दुसरं काम धरतो. मी मुलाला म्हटलं, तिला विचार. "कुठंही चालेल गं," तो म्हणाला. विचार तर खरं, म्हटलं. त्यानं तिला काहीतरी विचारलं, ती काहीतरी म्हणाली, आणि ह्यानं सांगितलं, तिला सगळंच आवडतं. मला चीड आली. बाईमाणसाला स्वतःच्या खिडकीबद्दल काही वाटत नाही, असं होईल का?

दोघं नेरळहून माथेरानला गेली, त्या दिवशी मी रजा टाकली आणि मोहोपाड्याला इंजिनीयरबाईंकडे गेले. म्हटलं, आज पाया-बिया काही नको, मला एवढंच वाक्य करून द्या: 'दोन वर्षांनी तुम्ही इथं राहायला याल, तेव्हा खिडकी कुठं हवी?' त्यांनी दिलं. परतीच्या एसटीत घोकलं, चुलीपुढं घोकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा कर्जतला गेला होता. हे पाळीवरून येऊन पाण्याच्या पिंपाशी लागले होते, गवंडी बाहेर विडी ओढत बसला होता. मी सुनेचा हात धरून तिला नव्या खोलीत नेलं आणि वाक्य म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, चुकलं. पुन्हा म्हटलं, सावकाश. तिनं विचारलं, ही खोली कुणासाठी? हे मला कळलं! पहिल्यांदा कळलं, तर मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, तुमच्यासाठी.

ती हसली नाही. कोऱ्या विटांवर हात ठेवून उभी राहिली. मग, मला कळावं म्हणून, एकेक शब्द सुटा करून बोलली. आम्ही राहणार जर्मनीत. इथं नाही. कायम तिकडंच. आणि मग विचारलं, त्यानं तुम्हाला सांगितलं नाही?

सगळं कळलं. वोनेन म्हणजे राहणे. तीन महिने डोकं फोडलं, तर नीट कळायला हेच मिळालं मला. मनात आलं, शिकलेच नसते तर बरं झालं असतं. तिनं माझा दंड धरला होता आणि तिचे डोळे भरले होते. तिचा काही दोष नव्हता, हे तेवढ्यातही मला कळत होतं.

मुलगा आला तो थेट तिथंच. ती त्याच्याशी भराभर बोलली, आवाज चढवून. त्यानं खाली बघत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळला आणि हसून म्हणाला, "ती म्हणते, खिडकी डोंगराकडं ठेवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिचं मला कळलंय," मी म्हटलं. "आता तू तुझं सांग. मराठीत सांग."

त्याला आत्ता एक थोबाडीत द्यावी असं मला वाटत होतं, आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. शेवटी तो अगदी हळू म्हणाला, "बाबांना नको सांगू, आये."

तेवढ्यात बाहेरून ह्यांनी हाक मारली. पाणी मारता मारताच विचारत होते, "अगं, सूनबाय काय म्हनते? गवंडी खोळंबलाय."

मी दारात गेले. ह्यांचे पाय ढोपरापर्यंत भिजलेले, हातात डबडं, तोंड हसरं.

"डोंगराकडं ठेवा म्हणते," मी म्हटलं.