पूर्वेचा काठ

ऑफिसात तिला सगळे बाई म्हणत. ती कुणाला शिकवत नव्हती, पण माणसांशी बोलायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी तिला बाई करून टाकलं होतं.

तळ्याकाठची वस्ती सरकारनं उठवली तेव्हा ती शाळेत होती. माणसांमुळे, गुरांमुळे, जाळ्यांमुळे तळं मरतंय, असं तेव्हा सांगितलं गेलं. घरं पाडली आणि सगळ्यांना शहराच्या कडेला चार मजली इमारतींत नेऊन ठेवलं. वडील त्यानंतर फार जगले नाहीत. आई जगली, पण नळाच्या पाण्याशी तिचं कधी जमलं नाही. "हे पाणी बोलत नाही," म्हणायची, आणि बादली भरेपर्यंत तोंड फिरवून उभी राहायची. मुलगी शिकली, समाजशास्त्रात पदव्या घेतल्या, आणि जागेवरून उठवलेल्या माणसांचं पुढं काय होतं, हाच तिचा विषय झाला. दुसरा कुठला होणार?

इतकी वर्षं झाली तरी तळं काही सुधारलं नव्हतं. पक्षी कमी, मासे त्याहून कमी. शेवटी खात्यानं एक गट नेमला. निम्मे पाण्या-पाखरांचे अभ्यासक, निम्मे माणसांचे. तळ्यासाठी नवीन धोरण त्यांनी मिळून लिहायचं होतं. पहिल्याच बैठकीत तिनं सांगून टाकलं, "मी तिथलीच आहे. पूर्वेच्या काठावर आमचं घर होतं." मोठे साहेब "छान, छान" म्हणाले आणि पुढच्या विषयाकडं वळले.

मिळून म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात व्हरांड्याच्या एका बाजूला यांची खोली, दुसऱ्या बाजूला त्यांची. दोन्हीकडं 'नमुना' हा शब्द दिवसभर चाले. त्यांचे नमुने बाटलीत मावत आणि झाकण लावलं की गप्प बसत. हिचे नमुने चहा मागत, भांडत, आणि उठायचं नाव घेत नसत. खरा नमुना मात्र समोरच्या खोलीतच होता. उंच, किडकिडीत, मान पुढं काढून चालणारा, पाण्यात उतरला की तासन्‌तास एका जागी उभा राहणारा. त्याला सगळे बगळा म्हणत. त्यालाही ते माहीत होतं, आणि नावात चूक काढण्यासारखं काही नाही, असं त्याचं मत होतं.

पहिलं वर्ष बाई आणि बगळा यांच्या भांडणात गेलं.

"म्हातारी माणसं सांगतात, दर हिवाळ्यात आम्ही लव्हाळे कापायचो, तेव्हा तळं मोकळं असायचं," ती म्हणायची.

"आठवणीला मोजपट्टी लावता येत नाही."

"तुमच्या मोजपट्टीला तरी कुठं कान आहेत?"

मग एका दुपारी त्यांची जीप तळ्याच्या चिखलात रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत दोघांना बॉनेटवर बसून राहावं लागलं. करायला काही नव्हतं म्हणून त्यानं विमानातून काढलेले तळ्याचे जुने फोटो एकाखाली एक मांडले, आणि ती कुठल्या वर्षी काय झालं ते सांगत गेली. वस्ती उठली, त्याच्या पुढच्याच फोटोपासून लव्हाळ्यांची कड जाड व्हायला लागली होती. वर्षागणिक मोकळं पाणी आत आत सरकत गेलं होतं. बदकांना उतरायला जागाच उरली नव्हती. बगळ्यानं फोटो पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिले.

"माणसं गेली आणि तळं मिटत गेलं," शेवटी तो म्हणाला. "मी हे फोटो शंभरदा पाहिलेत. मला वाटायचं, दोष गाळाचा."

पण तिच्या पारड्यातही सगळं खरं नव्हतं. सरकार येईपर्यंत मासळीला तोटा नव्हता, असं म्हातारे शपथेवर सांगत. बगळ्याच्या जुन्या मोजण्या मात्र वेगळं सांगत होत्या. मासे वस्ती असतानाच घटायला लागले होते. ती ते आकडे घेऊन इमारतींचे जिने चढली आणि तिनं पोटभर शिव्या खाल्ल्या. तिच्या वडिलांबरोबर होडीत जाणारे एक काका तेवढे मागं थांबले. "जाळ्याची भोकं आम्ही बारीक करत गेलो," ते म्हणाले. "पोरं लहान होती. कुणाला सांगायचं?" ती खाली उतरली आणि तडक बगळ्याच्या खोलीत जाऊन म्हणाली, "तुमचं बरोबर होतं." त्यानं तिच्यासाठी खुर्चीवरच्या बाटल्या उचलल्या. त्या दिवसापासून व्हरांडा ओलांडायला दोघांनाही निमित्त लागेनासं झालं.

उन्हाळ्यात तो तिला होडीतून पूर्वेच्या काठाला घेऊन गेला. इतक्या वर्षांत ती तिथं गेली नव्हती. घरांच्या जागी झुडपं होती. पाणी चढून पार अंगणापर्यंत आलं होतं. त्यानं वाकून एक पाणवनस्पती उचलली. देठाला माशांची अंडी चिकटली होती, साबुदाण्याहून बारीक.

"सगळ्या तळ्यात ही फक्त इथं सापडतात. तळाशी झरे आहेत, पाणी गार राहतं. बाकी कुठं आता तेवढं गार पाणी नाही."

तिनं हात पाण्यात घातला. खालची दगडी पायरी हाताला लागली. आई त्याच पायरीवर बसून कपडे धुवायची.

"तुमचं घर," बगळा हळूच म्हणाला. "पहिल्या बैठकीत तुम्ही सांगितलं होतं."

ऐकलं होतं म्हणजे कुणीतरी.

मसुदा तयार व्हायला लागला. उत्तर, पश्चिम आणि दक्षिणेचा काठ जुन्या वस्तीला परत मिळणार होता. हिवाळ्यात लव्हाळे कापायचे, मोठ्या भोकांच्या जाळ्यांनी मासे धरायचे, त्या बाजूच्या कुटुंबांना झोपड्याही बांधता येणार होत्या. पूर्वेचा काठ तेवढा अंड्यांसाठी बंद. आई रोज संध्याकाळी विचारायची, "ठरलं का गं? कधी जायचं?" आणि ती म्हणायची, "चाललंय." आईनं दोन जुनी पातेली घासूनपुसून वेगळी ठेवली होती. तिकडं न्यायला.

एक दिवस बगळ्यानं खोलीचं दार लावून घेतलं. दशांश चिन्हासाठी जीव टाकणारा तो माणूस नकाशाकडं न बघता बोलला, "बंद काठाची रेघ थोडी अलीकडं घेता येईल. एका घरापुरती. कुणी विचारलं तर उत्तर मी देईन."

तिनं फक्त विचारलं, "मासळीला चालेल?"

"एका घरानं बिघडणार नाही. बहुधा."

"बहुधा?"

त्यानं नकाशाची गुंडाळी केली. ती बसनं न जाता चालत घरी निघाली. रस्ताभर तिला ते घर दिसत होतं. आजवर तिनं कितीतरी माणसांना विचारलं होतं, तुम्हाला परत जावंसं वाटतं का, आणि उत्तरं टिपून घेतली होती. स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता दुकानं, सिग्नल, भाजीची गाडी, सगळ्यांच्या पलीकडं ते गार पाणी. रेघ तर बोटभरच सरकवायची होती. पण त्या काठावर आणखी घरं होती, आणि त्यांच्यासाठी बंद दाराआड कुणी रेघ सरकवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "रेघ आहे तिथंच राहू दे. पण सही करण्याआधी त्या घरांना मला सांगायचंय. त्यांनी ते वर्तमानपत्रात वाचायचं नाही."

इमारतीच्या अंगणात सगळे जमले. आईसुद्धा आली, ठेवणीतली साडी नेसून. बातमी चांगलीच असणार, असं तिनं धरलं होतं. घरी आईला आधी सांगायचं धाडस मुलीला झालं नव्हतं. बगळ्यानं अंडी, झरे, पाण्याचा गारवा समजावून सांगितलं. एक जण ओरडला, "एकदा माणसांमुळे उठवलं, आता माशांमुळे!" बऱ्याच जणांचा आवाज चढला. मग काकांनी विचारलं, "तुमचंही घर त्यातच जाणार ना, बाई?"

"हो. आमचंही."

आई उठली आणि जिना चढायला लागली. तिच्या मागं जायची मुलीला हिंमत झाली नाही. घरी गेल्यावर आईनं एवढंच विचारलं, "मासे राहतील तिथं?"

"राहतील, आई."

"बरं झालं. कुणीतरी राहील."

त्यानंतर कित्येक आठवडे आई तिच्याशी कामापुरतंच बोलली.

अंतिम मसुद्यात पूर्वेचा काठ 'निर्मनुष्य पट्टा' म्हणून आला होता. ती अडून बसली. मोठे साहेब म्हणाले, "बाई, शब्दानं काय फरक पडतो?" तिच्याआधी बगळाच बोलला. "पडतो. चुकीची नोंद आहे ती. तिथं कुटुंबं राहत होती, आणि त्यांनी तो काठ सोडलाय. अचूक लिहायचं तर असं लिहा." तसं लिहिलं गेलं. काठाकडं जाणाऱ्या वाटेवर पहाऱ्यासाठी बाहेरची माणसं न आणता त्याच घरांतली माणसं नेमायची, हेही तिनं लिहून घेतलं.

धोरण मंजूर व्हायला वेळ लागला. खात्यानं त्यातली काही कलमं कापली, काही उगाच वाढवली. तरी पहिल्या हिवाळ्यात पश्चिमेला लव्हाळे कापले गेले, आणि दोन-तीन वर्षांत बदकं परत उतरायला लागली. मासे हळू वाढतायत. जादू काही झाली नाही. पूर्वेच्या काठावर उन्हाळ्यातून एकदा फक्त मोजणीची होडी जाते. त्या होडीत तिलाही जागा होती. आईला नेता येत नाही, म्हणून ती कधी गेली नाही.

पहिल्या मोजणीनंतर बगळा त्यांच्या घरी आला. किती अंडी, किती पिल्लं, असं आकड्यांत सांगायला लागला. आईनं त्याला मध्येच थांबवलं.

"तुम्ही तिथं उतरता?"

"उतरतो."

"पायात काय असतं?"

"बूट. रबराचे."

"पुढच्या वेळी काढून उतरा. कुणाच्या दारात बूट घालून जातात का?"

बगळ्याचे कान लाल झाले. स्वयंपाकघरात चहा गाळणारी मुलगी तशीच थांबली.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला. उन्हानं रापलेला, पायाला कसल्याशा काट्याचा ओरखडा. आई खुर्ची ओढून त्याच्या समोरच बसली.

"काढले होते?"

"काढले होते."

"मग सांगा."

तो आठवत, थांबत सांगू लागला. पायरीवर शेवाळ धरलंय, जपून पाय टाकावा लागतो. खालचा चिखल मऊ आहे. घोट्यापर्यंत पाय जातो, आणि आतून गार लागतो, वरच्या पाण्यापेक्षा गार.

"डावीकडं जास्त गार," आई म्हणाली. "तिथं झरा आहे."

"हो. डावीकडं जास्त."

मुलगी कपांचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली. आत जाऊन तो ठेवणं तिला जमेना. आपण केलं ते बरोबर होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करू, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आणि तरीही त्या क्षणी त्या गार चिखलात स्वतःचे पाय घालायला मिळावेत, याखेरीज तिला जगात दुसरं काही नको होतं.

"अजून सांगा," आई म्हणाली.