मढेवाटेवरचं फाटक

सेथ ऑल्डरसनला चालायचा मनापासून कंटाळा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढची हकीकत ऐकून लोक त्याला डोंगरवेडा समजतात. आठवडाभर चीजच्या कारखान्यात उभ्याने राबायचं आणि रविवारी शेगडीपाशी पाय पसरून पेंगायचं, याहून जास्त त्याने देवाकडे कधी काही मागितलं नाही. पण त्याने लग्न केलं आयव्हीशी, आणि आयव्हीला रविवारी घरात बसवणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं.

आमच्या थॉर्नगिलची रविवारची फिरस्ती टोळी आयव्हीची. शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायची आणि उद्याची वाट बोटाने आखायची. सेथ त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर सँडविचं कापायचा. दुसऱ्या दिवशी लाल लोकरी टोपीतली ती बुटकी बाई सगळ्यांच्या पुढे, आणि थर्मास, चीज, आल्याचा केक असं सगळं पाठीवर घेतलेला सेथ सगळ्यांच्या मागे, दलदलीत पाय रुतवत, वाऱ्याला शिव्या घालत. टोळीतली टवाळ मंडळी त्याला आयव्हीचं गाढव म्हणत. सेथ म्हणायचा, "गाढवाला संध्याकाळी दाणा तरी मिळतो. मला उद्याचा नकाशा दाखवतात."

मात्र एकदाही तो घरी राहिला नाही. तीस-पस्तीस वर्षांत एकदाही नाही.

आयव्हीची सगळ्यात लाडकी वाट म्हणजे मढेवाट. थॉर्नगिलला चॅपेल आहे, पण मातीखाली निजायला जागा नाही. गावाच्या थडग्यांची जागा माळापलीकडे, कर्कबीच्या चर्चमागे. जुन्या काळी माणूस गेला की त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन माळ ओलांडायचे. वाटेत ठिकठिकाणी चपटे दगड आहेत, ते पेटी टेकवायचे. आता काळी मोटार खालच्या रस्त्याने वळसा घालून मेलेल्याला नेते, आणि मढेवाटेवर जिवंत माणसं सँडविचं खातात.

त्या वाटेबद्दल आयव्हीचा एक नियम होता. आमच्याकडचे लोक आभार मानण्यात कधी मागे नाहीत. बसवाल्याचे मानतात, दुकानदाराचे मानतात, कुणी आपल्याच पायावर पाय दिला तर त्याचेही मानतात. पण माळाच्या फाटकात आभार मानायचे नाहीत आणि जाऊ का म्हणून विचारायचंही नाही. माळाचा राखणदार डॉब्सन समोर आला तर वाऱ्यापावसाबद्दल दोन शब्द बोलायचे आणि चालू लागायचं. "विचारलं की वाट मालकाची झाली," आयव्ही म्हणायची. "आपल्या घराच्या जिन्यावर चढताना विचारतो का आपण?"

हा नियम किती शहाणपणाचा होता ते तीन वर्षांपूर्वी कळलं. जुना मालक वारला, आणि माळ विकत घेतला मेजर पेलहॅमने, ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी. त्याने मढेवाटेच्या फाटकाला कुलूप ठोकलं. गावाने दावा लावला. टोळीची चिटणीस मिस हेबलथ्वेट, म्हणजे आमची जुनी शाळामास्तरीण, तिने सगळ्यांना समजावून सांगितलं: लोक वर्षानुवर्षं उघडपणे आणि कुणालाही न विचारता चालत आले असतील तर वाट लोकांची. पण परवानगी घेऊन चालत होते असं दिसलं तर खेळ खलास. मग काय, मेजरचा वकील गावात घरोघर चहा पीत हिंडू लागला. "पूर्वी मालक बरे होते नाही? विचारलं की सोडायचे ना?" असं गोड गोड. क्लेमने, म्हणजे पबवाल्याने, त्याला तीन चहा पाजले आणि पावसाची माहिती दिली.

सुनावणी उन्हाळ्यात होती. आयव्हीच्या हृदयाने तेवढी वाट पाहिली नाही. शेवटचा हिवाळा तिने खिडकीशी खुर्ची टाकून काढला. तिथून माळाची कड दिसते. सेथ कामावरून आला की विचारायचा, "काय गं, माळ आहे का जागेवर?" ती म्हणायची, "आहे, पण कुलपात आहे." मार्चमध्ये एका सकाळी ती खुर्चीतच गेली.

त्याच संध्याकाळी सेथने जाहीर केलं, आयव्ही मढेवाटेने जाईल. खांद्यावरून.

मुलगी ब्रेंडा लीड्सहून आली होती. ती तिथे एका कचेरीत कामाला. चालण्याचा तिला बापाइतकाच कंटाळा, आणि बापासारखं तिला कुणी ओढून नेलं नव्हतं. स्वयंपाकघरात क्लेम आणि मिस हेबलथ्वेटही होते.

"ज्या वाटेनं मढं गेलं ती वाट मालकाची राहत नाही," क्लेम म्हणाला. "आमचा आजा सांगायचा. एकदा पेटी पार झाली की कुलपं गंजली म्हणून समजा."

"तो कायदा नाही, मिस्टर डिन्सडेल," मिस हेबलथ्वेट क्लेमला म्हणाली. "त्या म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी आहेत."

"मला म्हाताऱ्या बायकांनीच वाढवलंय," सेथ म्हणाला. "काही बिघडलेलं दिसत नाही."

"आणि फाटकाला कुलूप आहे त्याचं काय?" ब्रेंडाने विचारलं.

क्लेमने नुसतं छताकडे पाहिलं. त्याच्याकडे लोखंड कापायची मोठी कात्री आहे हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

ते दोघे गेल्यावर ब्रेंडा बापासमोर बसली. "बाबा, एक विचारू? खरं सांगा. हे आईसाठी आहे की फाटकासाठी?"

सेथ बुटांना पॉलिश करत होता. तो बूट संपवून त्याने दुसरा घेतला. तोही चकचकीत केला. ब्रेंडा उठून झोपायला गेली. पोरगी रागाने नव्हे, भीतीने बोलली होती. आईची पेटी जमिनीवर ठेवून गावकरी आणि राखणदार झोंबाझोंबी करतायत, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शुक्रवारी चॅपेलमध्ये प्रार्थना झाली आणि पेटी उचलली. आठ जण, चार खांद्यावर, चार पालटायला. माळावर वारा असा की पाद्रीबाबांचा झगा त्यांच्या डोक्यावर यायला बघत होता. मागे सगळी टोळी, चिखलाचे बूट आणि वर काळे कोट. क्लेमच्या ओव्हरकोटातून प्रत्येक पावलाला खणखण ऐकू येत होतं आणि प्रत्येक जण ते वाऱ्याचं आहे असं दाखवत होता. सेथ पेटीमागे ताठ चालत होता. त्याच्या ओठांत फाटकापाशी करायचं भाषण घोळत होतं. चार दिवस तो दुसरं काही बोललाच नव्हता.

चढ संपला, आणि समोर फाटक सताड उघडं.

फाटकात मेजर पेलहॅम उभा. टोपी हातात, विरळ केस वाऱ्याने उभे. बाजूला डॉब्सन, त्याचीही टोपी हातात. खांदेकऱ्यांनी पेटी चपट्या दगडावर टेकवली. कुणाला काय करावं सुचेना.

"मिस्टर ऑल्डरसन," मेजर म्हणाला, "मला फार वाईट वाटलं. तुमच्या मुलीचा फोन आला होता. अर्थातच माझी परवानगी आहे. तुम्ही खुशाल जा."

परवानगी. हा शब्द ऐकल्याबरोबर मिस हेबलथ्वेटने डोळे मिटले.

सेथ वळला. ब्रेंडा शहरी बुटांत, घोट्यापर्यंत चिखलात उभी होती. "मला मारामारी नको होती, बाबा," ती म्हणाली. "आईच्या समोर नको. मी विचारलं. एक फोन केला, एवढंच."

खोटं कशाला बोला, टोळीतल्या दोघा-चौघांनी त्या पोरीकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर बघवत नव्हती. पण तिचं काय चुकलं? जगात कुठेही हीच रीत आहे, दुसऱ्याच्या फाटकातून जायचं तर विचारावं. फक्त आमच्या गावात ते पाप.

आता सेथ काय करतो याकडे सगळ्यांचे डोळे. मेजर काही ढोंग करत नव्हता. त्याचा चेहरा थंडीने लाल आणि खरोखर खिन्न होता. अशा माणसाला अशा वेळी "थँक्यू" म्हणणं एवढंच सभ्य माणसाच्या हाती असतं. आणि तेवढं म्हटलं की आयव्हीच्या सगळ्या रविवारांवर पाणी. उन्हाळ्यात वकील उभा राहून म्हणणार, पाहा, बायकोला नेतानासुद्धा विचारून गेले.

"बाबा, आभार माना आणि चला," ब्रेंडा हळूच म्हणाली. "मिनतवारी करते."

"इथे आभार मानले तर तुझी आई उठून चालती होईल," सेथ म्हणाला.

खांदेकऱ्यांतला एक खोकला. हसू दाबायचा तो खोकला होता.

सेथ पुढे झाला. त्याचं भाषण कुठच्या कुठे उडून गेलं होतं. "मेजर," तो म्हणाला, "फाटक लावून घ्या."

"काय म्हणालात?"

"लावून घ्या. आम्हाला ते आमच्या हाताने उघडायचंय. आयव्ही तसंच करायची. विचारून ती कधी गेली नाही."

"पण तुमच्या मुलीने तर..."

"ती लीड्सला राहते," सेथ म्हणाला. "तिचं विचारणं आमच्यात धरत नाहीत."

मेजर मूर्ख नव्हता. आपल्याकडून काय मागितलं जातंय ते त्याला कळलं. मग त्याने जे केलं त्यासाठी थॉर्नगिलमध्ये आजही त्याच्याबद्दल कुणी फार वाकडं बोलत नाही. त्याने पेटीच्या तोंडावर फाटक ओढलं. कुलूप डॉब्सनच्या हातात होतं, ते तिथेच राहू दिलं. टोपी डोक्यावर घातली. "डॉब्सन," तो म्हणाला, "आपण इथे कुणाला काही म्हटलेलं नाही." आणि दोघंही पाठ फिरवून खालच्या बाजूला चालू लागले.

सेथने खिट्टी काढली. पेटी उचलली गेली आणि पार झाली. टोळीतला एकेक जण फाटकातून गेला, मान खाली, तोंड बंद. मिस हेबलथ्वेट मात्र उघड उघड रडत होती. सार्वजनिक वाटेची पाटी आज त्या फाटकाशी उभी आहे, म्हणजे पुढे उन्हाळ्यात काय झालं ते सांगायला नको.

पण त्या दिवशी पाटी-बिटी काही नव्हती. पुढे नुसता माळ होता, हेदरची करडी झुडपं आणि वारा. पेटी चालली होती. फाटक धरून सगळ्यांच्या शेवटी निघालेल्या सेथला पंचवीस-तीस पावलांवर कळलं की भांडायला आता कुणी उरलेलं नाही. कुलूप नाही, मेजर नाही, वकील नाही. चार दिवस ज्या रागाने त्याला उभं धरलं होतं तो फाटकातच राहिला. तो ओल्या हेदरमध्ये बसला. पुढच्यांना पत्ता नव्हता. वाऱ्यात मागचं काही ऐकू येत नाही.

मागून ब्रेंडा आली. एक बूट तिच्या हातात होता. चिखलाने ओढून घेतलेला.

"बाबा, लागलं का?"

"फाटक उघडलं गं," सेथ म्हणाला.

"हो. पाहिलं मी."

"मी कधीच माळ बघायला आलो नव्हतो. तिच्यामागून आलो होतो. आता वाट आमची झाली, आणि मी कुणामागून चालू?" तो रडू लागला, तोंड न झाकता, लहान पोरासारखा.

ब्रेंडा त्याच्या शेजारी चिखलात बसली, चांगल्या कोटासकट. 'ती लीड्सला राहते' हे बापाचं बोलणं तिला लागलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. तिने बापाच्या पाठीवर हात ठेवला. पुढे पेटी उंचवट्यावर चढत होती, आणि खांदेकरी वाऱ्यापुढे भराभर पावलं टाकत होते.

"उठा, बाबा," ती म्हणाली. "आई पुढे गेली."

सेथने मान वर करून पाहिलं. खरंच बरीच पुढे गेली होती. तो ब्रेंडाच्या खांद्याचा आधार घेऊन उठला, आणि एका पायात बूट नसलेली लेक आणि तिचा बाप, दोघं आयव्हीच्या मागून चालू लागली.