अक्कांचा निरोप

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. सासूबाई दृष्ट काढायला लागल्या की मी म्हणते, "त्या मिरच्या भाजीत टाका, कामाला तरी येतील." म्हणून हे लिहिताना मला माझाच राग येतोय... पण लिहिते.

जळगावच्या एमआयडीसीत एका गेम कंपनीत मी टेस्टर होते. दिवसभर गेम खेळायचा आणि चुका शोधायच्या. (ऐकायला मजा वाटते, करून बघा!) गेम खान्देशातल्या गावाचा — केळीच्या बागा, नदी, घराघरांचे ओटे. आमच्या चित्रकार वैशालीने ते गाव इतकं गोड काढलं होतं ना! पण आमचे साहेब... आज म्हणायचे शेती दाखवा, उद्या म्हणायचे केळीत झोंबी सोडा. केलेलं सगळं मोडायचं, परत करायचं, आणि डेडलाइन मात्र तीच.

आवाजाचे कलाकार आणायचे राहूनच गेले. मग आम्ही घरच्यांचे आवाज तात्पुरते भरले, ते तसेच राहिले. अमळनेरकडच्या खेड्यातून रेल्वेने येणाऱ्या हेमंतने त्याच्या आईचा आवाज दिला. गेममधल्या अक्का संध्याकाळी ओट्यावर येऊन हाक मारायच्या, "घर ये रे भाऊ, भाकर थंडी हुई राहिनी." एवढं एकच वाक्य.

पुढे त्या मेल्या झोंब्यांच्या घाईत साहेबांनी आम्हाला ऑफिसात अडकवून ठेवलं, आणि तेव्हाच हेमंतची आई गेली. तो आल्याशिवाय ती माउली जेवत नसे. ताट झाकून बसली होती, तशीच गेली. "माय उपाशी गई मन्ही," हेमंत म्हणायचा.

शेवटी व्हायचं तेच झालं, कंपनी बुडाली. वैशाली नरडाण्याच्या कारखान्यात काम शोधायला लागली, मी धुळ्याला माहेरी फोन करून रडून घेतलं. हेमंतला नोकरीचं काही नव्हतं. त्याला आईचा तेवढा आवाज हवा होता. फोन बिघडला त्यात त्याच्याकडचा गेला होता, आता फक्त सर्व्हरवर उरला होता. साहेब म्हणाले, "ती कंपनीची प्रॉपर्टी आहे." जळो मेली ती प्रॉपर्टी!

शेवटच्या दुपारी हेमंत बाहेर उन्हात उभा राहून साहेबांना फोनवर विनवत होता. आत मी आणि वैशाली. थंडीतलं पिवळं ऊन टेबलांवर पसरलेलं, स्पीकर खोक्यात बांधलेले. सर्व्हर बंद झाला. माझ्या स्क्रीनवरचं गाव विझायला हवं होतं... ते विझलंच नाही.

तिथे हळूहळू संध्याकाळ झाली. केळीची पानं हलत होती. अक्का ओट्यावर आल्या आणि चक्क बसल्या — त्यांना बसता येईल असं आम्ही केलंच नव्हतं. मला भीती नाही वाटली. उलट इतकं शांत वाटलं, जसं आजारपणातून उठल्यावर वाटतं. अक्का म्हणाल्या, "हेमंतले सांगी द्या, मन्हं जेवण हुई गयं."

मग स्क्रीन काळी. वैशालीने माझा हात घट्ट धरला होता. "तू ऐकलंस?" तिने विचारलं. "ऐकलं."

तुम्ही म्हणाल, शूट का नाही केलं? अहो, सुचायला तर हवं! दमल्यामुळे भास झाला म्हणावं, तर दोघींना तोच भास, शब्द न् शब्द सारखा?

हेमंत हात हलवत आत आला. आवाज मिळाला नव्हता. आम्ही त्याला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. तो खाली बसला आणि म्हणाला, "दमेल वाटनी का ती?"

"नाही रे, दमलेली नाही वाटली," मी म्हटलं. "तोंडात सुपारी धरून बोलत होती."

हेमंत ढसाढसा रडला, आणि रडता रडता हसलाही. "जेवण झाल्यावरच खाये ती सुपारी," तो म्हणाला.

हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. तो आवाज कुठून आला, ते मला आजही कळलेलं नाही.