घर बघताना माय पुढे

आठे ये पोरी. कागदावरून का होईना, जवळ बस. फोनवर तू घाईत होतीस, मागे कुकर वाजत होता, म्हणून मी जास्त बोलले नाही. पण मावशीला असं विचारतात का गं? जळगावात चांगला एरिया कोणता, हे विचारलंस, बरं केलंस. बदली झाली, लेकरं शाळेची, घर तर लागणारच. आणि मग आवाज बारीक करून म्हणालीस, "घर ठरेपर्यंत आईला नाही आणत मावशी. तिला बघून मालक शंभर प्रश्न विचारतात."

माझी बहीण आहे ती. मी फोन ठेवला आणि कागद घेतला. आता मी सांगते ते शेवटपर्यंत वाच. मध्येच उठू नकोस.

"बाई, तुम्ही तिकडून या. बाजूने. चप्पल बाहेरच काढा."

हे मला म्हटलेलं. जळगावात, एका बंगल्याच्या गेटात. तुझ्या ताईला, म्हणजे माझ्या लेकीला, समोरचं दार उघडलं. मला बाजूची बोळ.

तुला माहीतच आहे, ताईची बदली शिंदखेड्याहून जळगावच्या सरकारी दवाखान्यात झाली. आपल्या भिलाटीतली, सगळ्या भिल्लांच्या वस्तीतली पहिली नर्स ती. जावई ट्रकवर, आज इथे तर उद्या गुजरातेत. नात पहिलीतली. ताईला रात्रपाळी लागली की पोरीजवळ कोण थांबणार? मीच. म्हणून मी त्यांच्यासोबत राहणार, हे बदलीच्या आधीपासून ठरलेलं. दवाखान्यातल्या एका सिस्टरने ही कॉलनी सुचवली. चांगली वस्ती, चांगली माणसं, आणि दवाखाना पायी जाण्यासारखा. रात्री दोनला ड्युटी सुटली तरी बाईमाणसाला भीती नाही. ताईला भलतीकडे घर नको होतं. तिला हेच पाहिजे होतं. हजर व्हायला दिवस थोडे उरलेले.

पॅसेंजरने आम्ही दोघी आलो. ती दवाखान्यात नेसते तसल्या साडीत, खांद्याला पर्स. मी नऊवारी लुगड्यात, हातभर गोंदण, डोक्यावर पदर. पिशवी माझ्या हातात, कारण वॉर्डात उभं राहून ताईचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट. पिशवी उचललेली म्हातारी म्हणजे कामवाली, असं त्या घरमालकीण बाईंनी बघताबघता ठरवून टाकलं.

बाई वाईट बोलत नव्हत्या हां. गोड बोलत होत्या. तेच जास्त लागतं.

"बरं झालं मॅडम, बाई सोबतच आणलीत," त्या ताईला म्हणाल्या. "हल्ली खात्रीचं माणूस मिळत नाही."

मी ताईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती हसेल आणि सांगेल. ती भिंतीवरच्या स्विचकडे बघत होती. मला वाटलं, जिना चढून झाला की सांगेल. वर गेलो. खोल्या बरेच दिवस बंद होत्या, फरशीवर धूळ. बाईंनी कोपऱ्यातला झाडू माझ्यापुढे धरला.

"जरा झाडून घ्या बरं. म्हणजे मॅडमना घर नीट दिसेल."

आणि मी झाडायला लागले.

तू म्हणशील, का? मीही स्वतःला तेच विचारते. अंगणवाडी झाडण्यात माझी उमर गेली. झाडू हातात आला की हात विचारायला थांबत नाही. दुसरं असं की ताईने अजून काही म्हटलं नव्हतं आणि तिच्याआधी आपण कसं बोलावं, असं वाटलं. तिचं घर, तिची नोकरी. मी वाकले आणि माझ्या लेकीला दाखवायचं घर मी झाडलं. ती उभी, मी वाकलेली. तिच्या पायाजवळून झाडू फिरला तेव्हा तिने पाय उचलला. नुसता पाय उचलला गं.

घर मात्र छान होतं. खोटं कशाला सांगू. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, उजेड भरपूर. झाडताझाडता मी मनात नातीच्या दप्तराची जागाही ठरवली. इथे ती बसेल, इथे मी भाकरी करताना तिची कविता ऐकेन. असं डोकं. अपमान चाललाय आणि म्हातारी घर मांडतेय.

बाहेर गॅलरीत त्या दोघींचं ठरत आलं होतं. भाडं, पाण्याची वेळ, गाडी लावायची जागा. बाई खूश होत्या. मग त्यांनी विचारलं की ही बाई मुक्कामाला राहणार का. ताई हो म्हणाली. मग त्या म्हणाल्या, तिने खालच्या नळाचं पाणी घ्यावं, संडासही मागचा वापरावा, वरचा नको. ताई त्यालाही हो म्हणाली. मी केर दाराशी गोळा करून आणलेला, उंबऱ्याजवळ ढीग झालेला.

बाईंनी आवाज थोडा खाली घेतला, पण मला ऐकू आलं.

"कुठली आहे ही? भिलाटीतली वगैरे नाही ना? तसल्या बायकांना आम्ही उंबऱ्याच्या आत घेत नाही. हात चलाख असतो."

ताई म्हणाली, "नाही. खात्रीची आहे."

पोरी, त्या बाईंचं बोलणं मला नवं नव्हतं. कापूस वेचून परत निघताना आपल्याच ओट्या झटकून बघायचे, दुसऱ्या कुणाच्या नाही. बाजारात काही हरवलं की आधी आपल्या पोरांचे खिसे. हे सगळं अंगावरून गेलेलं. पण ते "नाही" माझ्या लेकीचं होतं. मी जन्म दिलेली, मी शाळेत घातलेली. कंदिलाशी तिच्याच पाटीवर अ, आ गिरवत मीही शिकले, ती ही लेक.

डोकं एकदम साफ झालं. असं की, आज गप्प बसले तर आजचंच नाही. उद्या मी खालच्या नळाचं पाणी घेऊन वर चढणार. परवा नात शाळेतून येणार. आणि जिन्यात मालकीणबाई उभ्या असतील तर ती मला काय हाक मारणार? तिलाही शिकवावं लागणार. सहा वर्षांच्या पोरीला शिकवावं लागणार की आजीला बाई म्हण. आणि पोरं लवकर शिकतात.

मी झाडू भिंतीला लावला. गॅलरीत गेले. मराठी नीट येते मला, पण तोंडातून आपलीच भाषा आली.

"मी हिनी माय शे," मी म्हटलं. "आन आमनं घर भिलाटीमा शे."

एवढंच. आवाज चढवला नाही.

बाईंचं हसणं ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. मग त्या ताईला म्हणाल्या, "अहो, मग आधी सांगायचं ना. मी यांना विचारते आणि फोन करते." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन कधी येणार नव्हता, हे तिघींनाही कळलं.

मी जिना उतरले आणि समोरच्या दाराने बाहेर पडले. केर उंबऱ्यातच राहिला. भरला नाही मी.

रस्त्यावर आल्यावर ताई फुटली. येणारे जाणारे बघत होते, तिला भान नव्हतं.

"माय, जरासी गप राहती तं काय जात व्हतं तुनं?"

मी तिला विचारलं, "तुनी पोरनी मले काय म्हनानं? बाई?"

ती रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसली. पर्स मांडीवर, तोंड पदरात. मी तिच्याशेजारी बसले, पण तिच्या पाठीवर हात नाही ठेवला. त्या वेळी नाही. रडतारडता तिने सांगितलं की हॉस्टेलपासून हेच चाललंय. आडनाव अर्धं सांगायचं, गाव सांगायचं पण वस्ती नाही. आणि म्हणाली, रात्रीच्या रस्त्याची भीती खरीच आहे, माय, तुला काय माहीत. ते खरं होतं. तिची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण ती भीती माझ्या पाठीवर बसून पार करायची, हे मला मान्य नव्हतं. तेही मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून घरं बघायची रीत मी बदलली. गेटात मी आधी जायचं. बेल मी वाजवायची. लुगडं हेच, बोली हीच. नाव सांगायचं, गाव सांगायचं, वस्ती सांगायची, ही माझी लेक म्हणायचं आणि मग विचारायचं, घर दाखवता का. किती दारं लागली ते विचारू नकोस. एका ठिकाणी घर कालच गेलं म्हणाले, भाड्याची पाटी मात्र अजून खिळ्याला. एकाने दारच नीट उघडलं नाही. ताई माझ्या मागे उभी असायची, आधी मान खाली घालून, मग मग सरळ समोर बघत.

मिळालं ते घर रेल्वे फाटकाच्या पलीकडे, गाव संपतं तिथे. गोड करून सांगत नाही. रस्ता कच्चा, पावसात रिक्षा येत नाही. रात्री दोनला ड्युटी सुटली तरी ताई उजाडेपर्यंत दवाखान्यातच बसून राहते आणि लाल डोळ्यांनी घरी येते. त्याची किंमत ती रोज मोजते, मी नाही. मालक काही देवमाणूस नाही. पाण्यावरून माझ्याशी कचाकचा भांडतो. पण तोंडासमोर भांडतो, आजी म्हणून भांडतो, आणि वरच्या टाकीच्याच पाण्यावरून भांडतो.

आता तुझं. चांगला एरिया कोणता ते मला माहीत नाही. शाळा बघ, पाणी बघ, दवाखाना बघ, सगळं बघ. पण पहिल्या दिवशी, पहिल्या दारात, तुझी आई तुझ्या पुढे उभी पाहिजे. तिला बघून जो दार लावेल, त्याचं घर तुझं नव्हतंच. आपल्या माणसाला मागच्या बोळीत उभं करून मिळालेलं घर मी आता बघणार नाही, झाडणार नाही, त्यात पाणीही पिणार नाही. तू तसं घेतलंस तर मी तुझ्याकडे येणार नाही. बहिणीची लेक असलीस तरी.

रागावू नकोस. लवकर ये. बहिणीला घेऊनच ये, पॅसेंजरने या, मग रिक्षाने फाटकाशी उतरून चालत या. वांगी इथेही चांगली मिळतात, भरीत करते. गल्लीत कुणी विचारलं कोणाकडे, तर माझं नाव सांगा, नातं सांगा आणि आपली वस्ती सांगा. मोठ्याने सांगा.