सोबत म्हणून रिफायनरीला

मला आयुष्यात एकदा एका मुलीच्या गरिबीचा हेवा वाटला. वाक्य वाचायला बरे नाही, पण ते अचूक आहे.

ती माझी वसतिगृहातली सोबतीण. आम्ही दोघी जळगावला केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि प्रयोगशाळेत एकाच गटात होतो. वर्गात मी पहिली होते, ती दुसरी. ऊर्ध्वपातनाच्या स्तंभावर काम करताना वाफेचा व्हॉल्व्ह ती सांभाळायची आणि तापमानाच्या नोंदी मी घ्यायची, कारण तिचे अक्षर वाचता येत नसे.

धुळ्याच्या एका जुन्या तेल-व्यापारी शेठजींनी आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्ती ठेवली होती. त्यांचे धाकटे भाऊ खनिज तेलाच्या क्षेत्रात अभियंते होते, त्यांच्या स्मरणार्थ. शुल्काच्या रकमेचे मला तितकेसे आकर्षण नव्हते. मला हवे होते ते शिष्यवृत्तीसोबत मिळणारे उन्हाळ्यातले प्रशिक्षण. भावाच्या जुन्या सहकाऱ्यांमार्फत शेठजी शिष्यवृत्तीधारकाला महिनाभर गुजरातमधल्या रिफायनरीत पाठवत. ज्या स्तंभाची आकृती मी डोळे मिटून काढू शकत होते, तो खरा, आकाशात गेलेला, मला पाहायचा होता. आमच्या ओळखीत त्या फाटकापलीकडे नेऊ शकणारे दुसरे कुणीही नव्हते.

शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा होती. माझे बाबा भुसावळला रेल्वेत तंत्रज्ञ. तिचे वडील, आबा, दोंडाईच्याजवळ दुसऱ्याची शेती वाट्याने करत. मी फोनवर आईपाशी चिडचिड केली, तर ती म्हणाली, "मग काय, बाबांनी राजीनामा द्यावा का?"

शिष्यवृत्ती तिला मिळाल्याचा निकाल लागला त्या दिवशी मी तिला पेढा भरवला. पेढा भरवताना तिने तोंड उघडले, तेव्हा माझ्या मनात आले की इतके मोठे तोंड उघडायची काय गरज आहे. हेव्याची पातळी मोजायला यापेक्षा संवेदनशील उपकरण माझ्याकडे नाही.

शेठजींच्या घरी दरवर्षी शिष्यवृत्तीधारकांना जेवण असे आणि वाढायला स्वतः शेठजी. ती मला धुळ्याला ओढून घेऊन गेली. "मला त्यांच्यासमोर घास गिळायचा नाही एकटीला," म्हणाली. पंगतीत मी तिच्या शेजारी, पाहुणी म्हणून. शेठजींनी माझ्या पानात बट्टी चुरून तिच्यावर तुपाची धार सोडली आणि माझ्या सोबतिणीला विचारले, "मग बेटा, जाणार ना गुजरातला?"

ती मान खाली घालून म्हणाली, "आबा एकटीला पाठवणार नाहीत."

खरे सांगायचे तर मला आनंदाची उकळी फुटली. मला मिळणार नव्हते, पण आता तिलाही मिळणार नव्हते.

"पण ही सोबत आली तर पाठवतील," ती पुढे म्हणाली आणि कोपराने मला ढोसले.

शेठजींनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. "तू काय करतेस बेटा?"

"मीही केमिकललाच आहे. हिच्याच वर्गात."

"मग तर सोन्याहून पिवळं! दोघी जा. मी सांगतो तिकडे."

त्यांच्या पत्नी दारातून म्हणाल्या, "बरं झालं बाई. पोरीच्या जातीला सोबत हवीच."

पहिली आलेली मुलगी दुसरीची राखण म्हणून निघाली होती. नाही म्हणण्याची इच्छा तीव्र होती. पण रिफायनरीपुढे ती टिकली नाही. मी म्हणाले, "येईन."

बाबांनी माझ्या खर्चाचे पैसे आनंदाने दिले. परीक्षा संपल्यावर मी भुसावळहून सुरतकडे जाणाऱ्या गाडीत बसले. ती दोंडाईच्याला चढणार होती. वाटेत अमळनेर गेले, काळी, नांगरून पडलेली शेते गेली, आणि मी मनातल्या मनात ठरवत होते की तिथल्या अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी असे प्रश्न विचारायचे की शिष्यवृत्ती कुणाची याबद्दल त्यांचा गोंधळ उडावा.

दोंडाईच्याच्या फलाटावर तिचे वडील उभे होते. टोपी, धुवट पांढरा सदरा, हातात फडक्यात बांधलेला डबा. त्यांनी डबा खिडकीतून माझ्याकडे दिला. "कळण्यानी भाकर शे. दोन्हीजनी खाज्यात."

"आबा, काळजी करू नका," मी सोबतिणीच्या अधिकाराने म्हणाले. "मी आहे तिच्याबरोबर."

ते हसले. "माले कसानी काळजी? मी ते इले एकलीले बी धाडी देतू. पन इन्हा हट व्हता, मैतरीन संगे जोयजे म्हनीसन."

म्हणजे ती एकटी जायलाही त्यांची हरकत नव्हती; मैत्रीण सोबत हवी हा हट्ट तिचाच होता. गाडी सुटली. ती शेजारी येऊन बसली, ओढणीने कपाळ पुसले आणि वडिलांना हात करत राहिली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. फलाट संपल्यावर मात्र तिला माझ्याकडे वळावेच लागले.

"तू शेठजींना खोटं सांगितलंस," मी म्हणाले.

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस?" तिने डब्याची गाठ सोडायला घेतली. "पहिला नंबर तुझा, नाक त्याच्याहून वर."

तिचे निदान बरोबर होते. आतापर्यंत मला तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा हेवा वाटत होता, त्याला निदान तहसीलदाराची सही तरी होती. आता जे तिच्याकडे होते आणि माझ्याकडे नव्हते, ते कुठल्याही परीक्षेत मोजले जात नव्हते आणि अभ्यास करून मिळणारे नव्हते. हेवा कमी झाला नाही. उलट वाढला.

"खाय आते," तिने भाकरीचा तुकडा ठेच्यासकट माझ्यापुढे धरला. "तोंड उघड. त्या दिवशी पेढा किती रागानं कोंबला होतास."

मी तोंड उघडले. ठेचा इतका तिखट होता की डोळ्यांत पाणी आले. ते ठेच्यानेच आले का, हे तिने विचारले नाही, याचाही मला थोडा हेवा वाटला.